मागचं फाटक

सुयश सरांनी पहिली चिठ्ठी उलगडून वाचायला सुरुवात केली, तेवढ्यात ज्योत्स्नाने ती त्यांच्या हातून काढून घेतली आणि घडी घालून टेबलावर ठेवली.

"चिठ्ठ्या नकोत, सर. यातल्या निम्म्या आयांना वाचता येत नाही. पोरी वाचत पुढे पळतील आणि आया मागे मागे फिरतील. मग खेळ कुणाचा झाला?"

"मग शाळा शोधायची कशी?"

"वासाने, आवाजाने. फोडणीचा वास जिथून येतो तिथे जा, असं तोंडी सांगायचं, स्वयंपाकघर सापडतं. घंटेच्या आवाजामागे जा, की ऑफिस. पाण्याच्या टाकीचा आवाज, जुन्या पुस्तकांचा वास. मायलेकींनी हात धरून शोधायचं."

सुयश सर वर्षभरापूर्वीच संगणक शिकवायला आले होते. रंगीत कागदांच्या चिठ्ठ्या त्यांनी हौसेने कापल्या होत्या. त्यांनी त्या गोळा करून खिशात टाकल्या आणि हसून मान डोलावली.

म्हसरूळच्या पुढे दिंडोरी रस्त्याला लागून मुलींची ती निवासी शाळा होती. पाचवीत येणाऱ्या नव्या मुली बहुतेक सुरगाणा-पेठकडच्या पाड्यांवरच्या. शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी त्यांचा आणि त्यांच्या पालकांचा मेळावा व्हायचा. आजवर मेळावा म्हणजे नारळ, पाहुणे, प्रतिमापूजन आणि मग भाषणांवर भाषणं. देवळ्याकडून बदलून आलेल्या धनराज सरांनी मुख्याध्यापक म्हणून गेल्या वर्षी तो पहिल्यांदा पाहिला, आणि यंदा सगळी जबाबदारी ज्योत्स्नावर टाकली. "भाषणं छाटा, भोये मॅडम," ते म्हणाले होते. "आमच्याकडे कांद्याच्या लिलावातसुद्धा माणसं याच्यापेक्षा जास्त रमतात."

स्टाफरूममध्ये आता एकेक गोष्ट ठरत होती. सकाळी खेळ. मग आयांनी स्वयंपाकघरातल्या मावशींबरोबर बसून नागलीच्या भाकरी थापायच्या, म्हणजे पहिलं जेवण पोरींना ओळखीच्या हातचं मिळेल. जेवणानंतर प्रत्येक मुलीने आईला आपली खाट दाखवायची.

"आणि खाट दाखवून झाली," वसतिगृहाच्या लताबाई म्हणाल्या, "की पोरींना प्रोजेक्टरच्या खोलीत न्यायचं, सिनेमा लावायचा. तोवर जीपवाल्यांना मागच्या फाटकाशी बोलावून ठेवते."

असं दर वर्षी होत आलं होतं. पोरी अंधाऱ्या खोलीत हत्तीचा नाहीतर सशाचा सिनेमा बघत असताना आई-बाप मागच्या फाटकाने निघून जायचे. दिवे लागायचे तेव्हा आवारात कुणीही नसायचं.

"यंदा सिनेमा नको," ज्योत्स्ना म्हणाली. "सगळ्यांदेखत निरोप घेऊन जाऊ दे. पुढच्या फाटकाने. आई परत कधी येणार ते तिने पोरीला तोंडाने सांगायचं, आणि मग जायचं."

लताबाईंनी चष्मा काढला. बत्तीस खाटांच्या त्या लांबलचक खोलीत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. नव्या मुलींना पावसाळ्यात ताप यायचा तेव्हा त्यांच्या उशाशी बसणाऱ्या त्याच.

"तू इथे शिकवतेस, मी इथे झोपते," त्या म्हणाल्या. "एका वर्षी एक पोर जीपमागे धावत रस्त्यावर गेली होती. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचली. तेव्हापासून मागचं फाटक. सिनेमातही रडतात त्या, मला माहीत आहे. पण अंधारात रडतात. एकीचं बघून दुसरी रडत नाही."

"पण बाई, दिवे लागल्यावर?"

लताबाईंनी ज्योत्स्नाकडे बराच वेळ पाहिलं.

"तू राहिलीस ना?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शिकलीस ना?"

ज्योत्स्ना याच शाळेत शिकली होती. तिला सोडायला आई आली होती, एकटीच. त्या दोघी आवारातल्या करंजाखाली बसल्या होत्या, आणि आई म्हणाली होती, "बस हितं. पाणी पिऊन येते." ज्योत्स्ना बसून राहिली. आईची पिशवी ठेवायला जागा असावी म्हणून तिने शेजारी आपला हात पसरून ठेवला होता. नंतर कुणीतरी येऊन तिला सिनेमाच्या खोलीत नेलं. तरुण लताबाईच असाव्यात. आई आली ती एकदम दिवाळीत, न्यायला. परतीच्या जीपमध्ये ज्योत्स्ना तिच्याशी एक शब्द बोलली नाही. आईनेही काही विचारलं नाही. पुढे सगळं बोलून झालं; भावाचं लग्न, बापाचं आजारपण, ज्योत्स्नाचं स्वतःचं मोडलेलं लग्न. ते पाणी तेवढं दोघींच्या मध्ये तसंच राहिलं. अजूनही आई कुठे निघाली आणि "येते" म्हणाली की ज्योत्स्ना हातातलं काम टाकून तिच्याकडे बघायची.

धनराज सरांनी घसा साफ केला. "यंदा भोये मॅडम म्हणतात तसं करून बघू. गोंधळ झाला तर पुढच्या वर्षी लताबाईंचं ऐकू."

लताबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "गोंधळ झाला तर निस्तरायला मीच असणार," त्या म्हणाल्या, आणि कुठल्या खाटेवरची गादी बदलायची ते सांगू लागल्या.

मेळाव्याआधीच्या शनिवारी ज्योत्स्ना घरी गेली. एसटीने वणी, बोरगाव, सुरगाणा. तिथून जीपने पाड्यापर्यंत. घाट उतरला की तिच्या जिभेवरची शहराची भाषा आपोआप सैल व्हायची. तानुबाई घरी नव्हती, खाली शेतात होती. रोपासाठी पालापाचोळा जाळून काळ्या केलेल्या वाफ्यात ती नागलीचं बी टाकत होती. आभाळ भरून होतं, पण पावसाचा पत्ता नव्हता.

"दम खा," लेकीला बघून ती म्हणाली. "एवढं टाकून होऊ दे."

ज्योत्स्ना बांधावर बसली. बसल्या बसल्या तिने मेळाव्याचं सगळं सांगितलं. वासावरून शाळा शोधायचा खेळ ऐकून तानुबाईला हसू आलं. भाकरींचं ऐकून ती म्हणाली, "शेरात नागलीचं पीठ चांगलं मिळत नाय, हितून ने."

"आणि मग निरोप. सगळ्यांच्या समोर. कुणी चोरून जायचं नाय."

तानुबाईचा हात सुपात थांबला.

"एवढ्या बायांना रडवशील."

"रडू दे की, आई."

"रडाया काय लागतं? रडून झाल्यावर घरापर्यंत चालत जावं लागतं. तुला काय ठावं." तिने मूठभर बी उचललं, पण टाकलं नाही. "मला तुमच्या लताबाईंनीच सांगितलेलं. पाण्याचं निमित्त कर, मागच्या फाटकानं निघ, अन् वळून बघू नको. वळलीस तर पोर शिकायची नाय. मी नाय वळले."

एखादं काम नीट पार पाडल्याचं माणूस सांगतं, तशी ती ते बोलली.

"वळले असते तर तू आज बाई झाली नसतीस."

एवढी वर्षं ज्योत्स्ना या बोलण्याची वाट बघत होती. ते आलं आणि एका दमात संपूनही गेलं. तिला विचारायचं होतं, वळावंसं वाटलं होतं का तुला? पण तानुबाई तोवर पुन्हा वाकली होती. काळ्या मातीवर बी टाकणारा तिचा हात एका लयीत पुढे सरकत होता.

"ते सूप इकडं सरकव," ती म्हणाली.

ज्योत्स्नाने सूप सरकवलं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळपासून जीपा येऊ लागल्या. पत्र्याच्या पेट्या, वळकट्या, नव्या चपला हातात धरून अनवाणी चालणाऱ्या पोरी. पालकांमध्ये आयाच जास्त होत्या. काही बाप, एक आजोबा. सगळे फाटकातून आत आले आणि भिंतीच्या कडेने उभे राहिले, जणू मधल्या मोकळ्या जागेत जायला कुणाची परवानगी लागते.

सुयश सरांनी शिट्टी वाजवली आणि ओरडून सांगितलं, "फोडणीचा वास कुठून येतोय? शोधा!"

आधी कुणी हललं नाही. मग हिरव्या लुगड्यातल्या एका बाईने नाक वर केलं, लेकीचा हात धरला आणि ती तरातरा चालू लागली. तिच्यामागे दुसरी निघाली, मग सगळंच आवार हललं. घंटेमागे धावताना आजोबांचं पागोटं सुटलं आणि पोरी खिदळल्या. पुस्तकांच्या खोलीशी सगळ्यांत आधी पोचली ती तेजल नावाची एक काटकुळी मुलगी, आईला अक्षरशः ओढत. तिने दारातच खोल श्वास घेतला.

"हाच वास," ती म्हणाली. "बाई, ही सगळी आमच्यासाठी?"

"सगळी," ज्योत्स्ना म्हणाली.

तेजलने एक पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. तिची आई दारातच थांबली होती. वय फार नसावं. द्राक्षांच्या बागेत औषध मारून मारून तिच्या बोटांची टोकं पिवळी झाली होती. ती पुस्तकांकडे बघत नव्हती, वाचणाऱ्या तेजलकडे बघत होती.

भाकरी थापताना स्वयंपाकघरात एवढा कलकलाट झाला की मावशींना कुठे उभं राहावं कळेना. कुणाची भाकर पातळ, कुणाची जाड, यावरून थट्टा सुरू झाली. धनराज सर दारातून डोकावले आणि त्यांच्या हातात गरम भाकर पडली. ती फुंकर घालत खात ते ज्योत्स्नाजवळ आले.

"मॅडम, जमलं हो."

लताबाईंनीही पदर खोचून दोन भाकरी थापल्या होत्या.

खाटांच्या खोलीत आया आधी गाद्या दाबून बघू लागल्या. कुणीतरी पंखा लावला. मग हिरव्या लुगड्यातली बाई चक्क लेकीच्या खाटेवर आडवी झाली, वारा लागतो का ते बघायला, आणि हसत उठली. ते बघून एकेक करत सगळ्याच आया आडव्या झाल्या. तेजलची आईही झाली. बाकीच्या उठल्या, ती उठली नाही. डोळे उघडे ठेवून ती छताकडे बघत राहिली. तेजल खाटेच्या कडेला पाय हलवत बसली होती, मांडीवर ते पुस्तक.

"आय, ऊठ की," ती म्हणाली. "सगळ्या चालल्या."

निरोप करंजाखाली झाला. ज्योत्स्नाने आयांना आधीच सांगून ठेवलं होतं: खरं तेच सांगा, ज्या सणाला येणं जमेल तोच सण सांगा. कुणी गणपती म्हणालं, कुणी पोळा, कुणी दिवाळी. रडणं झालंच. लताबाई म्हणाल्या होत्या तसं एकीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी. पण कुणी धावलं नाही. आया पोरींची नाकं पुसत होत्या, वेण्या पुन्हा पुन्हा घट्ट करत होत्या. एक बाप लेकीला पाठीवर घेऊन झाडाभोवती फिरला. मग मुली फाटकापर्यंत गेल्या आणि जीपा निघाल्या, तेव्हा त्यांनी हात हलवले. ज्योत्स्ना फाटकाला टेकून उभी होती. कुणाच्याही शेजारची जागा नकळत रिकामी झाली नव्हती.

शेवटची जीप सुरू झाली आणि दहा पावलांवर जाऊन थांबली.

मागच्या दारातून तेजलची आई उतरली. ती सरळ फाटकाशी आली आणि तिने तेजलचं मनगट धरलं.

"चल."

"कुठं?" तेजल म्हणाली.

"घरी. चल."

ज्योत्स्ना पुढे झाली. "अहो ताई, थांबा. काय झालं? ती रडतसुद्धा नाही. बघा तिच्याकडे, तिला आवडलंय इथे."

"व्हय, तिला आवडलं." बाईचा आवाज फुटला. "तिला जमंल, बाई. मला नाय जमत."

"बसा थोडं. पाणी—" ज्योत्स्नाच्या तोंडून शब्द गेला आणि पुढचं वाक्य तिला बोलता येईना.

तेजल आईकडे बघत होती, मग शाळेकडे. ती विरोध करत नव्हती, की निघण्याची घाईही करत नव्हती. ओढली गेली तेव्हा ती चालू लागली. जीपमध्ये बसल्यावर तिने मान बाहेर काढली.

"बाई, माझी पेटी आत राहिली."

जीप वळणाआड गेली. धूळ बराच वेळ रस्त्यावर तरंगत होती. बाकीच्या पोरी फाटकाशीच उभ्या होत्या. मग लताबाईंनी टाळ्या वाजवून त्यांना आत बोलावलं. ज्योत्स्नाजवळून जाताना त्या थांबल्या. ज्योत्स्ना बोलणी खायला तयार होती.

"पेटी माझ्या खोलीत ठेवते," लताबाई एवढंच म्हणाल्या.

ऑफिसात धनराज सरांनी तिच्यासाठी चहा सांगितला. "सोमवारी जाऊन या तिच्या पाड्यावर," ते म्हणाले. "आली तर आली. बाकीच्या पोरी शांत आहेत, लताबाईच सांगत होत्या." ते तिला बरं वाटावं म्हणून बोलत होते आणि ते खरंही होतं, पण ज्योत्स्नाच्या डोळ्यांपुढे पुस्तकांच्या दारात श्वास घेणारी पोर उभी होती. सिनेमा लावला असता तर तेजल आत्ता इथे असती. आई मागच्या फाटकाने निघून गेली असती, न वळता, आणि पोर शिकली असती. लताबाईंचा हिशेब चुकीचा नव्हता. तो चुकीचा ठरावा असं आपल्याला किती वर्षं वाटत होतं, हे तिला आत्ता कळत होतं.

दिवेलागणीला ती करंजाच्या पारावर जाऊन बसली आणि तिने आईला फोन लावला. पाड्यावर रेंज मिळायला टेकाडावर जावं लागे. संध्याकाळी गाई घेऊन तानुबाई तिथेच असायची.

"झाला का तुझा कार्यक्रम?"

"झाला." ज्योत्स्नाने खेळाचं सांगितलं, भाकरींचं सांगितलं, आजोबांच्या पागोट्याचं सांगितलं. तानुबाई हुंकार देत ऐकत होती. गाईच्या गळ्यातली घंटा मधूनच वाजत होती.

"अन् बाया लय रडल्या का?"

"रडल्या. पण गेल्या नीट." ती थांबली. "एक नाय गेली. म्हणजे गेली, पण पोरीला घेऊन गेली. जीपमध्ये बसली होती ती, निघाली होती. उतरून परत आली आन् पोरीला घेऊन गेली. मी किती सांगितलं. म्हणाली, पोरीला जमंल, मला नाय जमत."

पलीकडून हुंकार आला नाही.

"पोर लय हुशार होती, आई. माझ्यामुळं झालं हे. तू म्हणत होतीस तेच खरं."

गाईची घंटा वाजली, थांबली. वारा असावा, फोनमध्ये नुसता घों घों आवाज येत होता. रेंज गेली की काय म्हणून ज्योत्स्नाने फोन कानापासून दूर करून पाहिला.

"बरं केलं तिनं," तानुबाई म्हणाली.

"काय?"

"काय नाय." आवाज ओला होता, आणि तो तसा आहे हे लपवायची धडपड त्यात ऐकू येत होती. "सोमवारी जाऊन आण पोरीला. हुशार हाय तर आण. पण तिच्या आईला काय बोलू नको. दोन घास खा तिच्या घरी. बस तिच्यापाशी."

"बसते."

जेवणाची घंटा झाली. खाटांच्या खोलीतून पोरींचा घोळका बाहेर पडला; पहिल्याच दिवशी कुणीतरी कुणाशी तरी भांडत होतं, आणि लताबाईंचा आवाज त्या सगळ्यावर चढला होता. कुणीतरी अंगणातला दिवा लावला.

"जा, जेव," तानुबाई म्हणाली. "मी ठेवते."

"नको ना ठेवू, आई."

"गाई पुढं गेल्या माझ्या."

"जाऊ दे. घर माहीत हाय त्यांना."

दगडावर टेकताना म्हातारी माणसं सोडतात तसा एक लांब सुस्कारा पलीकडून ज्योत्स्नाला ऐकू आला.